शिडाची होडी विकणे आहे

मी शिडाचं कापड बघून होडी विकत घेतली. खालचं लाकूड पाहिलं नाही, समुद्र आपल्यापासून किती लांब आहे हे मनात आलं नाही, आणि होडीत त्याआधी एकदाच बसलो होतो, तीही जत्रेतल्या पाळण्याची.

मी जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतून मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं, यावर माझं घर चालायचं. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला जगातली कुठलीही वस्तू कापसाच्या बाजूनेच दिसते. यवतमाळच्या नेट कॅफेत जुन्या होड्या विकणारी ती वेबसाईट उघडली तेव्हा होडीचे सगळे फोटो सोडून मी शिडाच्या फोटोवर थांबलो. जाड, घट्ट विणीचं, जरा पिवळट पडलेलं कापड. दलालाचा नंबर खाली होताच. फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, "शीड सुती आहे ना?"

"शंभर टक्के सुती," तो म्हणाला. "हल्ली असं मिळत नाही."

सौदा पक्का. त्याला बिचाऱ्याला वाटलं असणार, पलीकडे कुणीतरी मुरलेला दर्यावर्दी आहे.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बीटीचं बियाणं नुकतं आलं होतं, भाव पडले होते आणि जिनिंग ऐन हंगामातही अर्धा वेळ बंद असायचं. सरकारी गाड्यांतून साहेब लोक यायचे आणि पाणी पिऊन झालं की सांगायचे, जोडधंदा करा. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी कोंबड्या. मी होडी. डोक्यात धरण होतं. रविवारी माणसं डबे घेऊन धरणावर जायची, पाण्याकडे बघत जेवायची आणि परत यायची. त्यांना शिडाच्या होडीतून फिरवायचं, असा एकूण बेत.

मुंबईला कापसाच्या गाठी टाकून रिकामा परतणाऱ्या ट्रकमधून होडी आली. ती उतरवायला वणीहून कोळशाच्या कामावरची क्रेन आणावी लागली. होडीच्या पोटाखाली माणसाच्या छातीइतकी खोल लोखंडी पाती असते, हे मला ती हवेत लटकत असताना कळलं. आमच्या धरणाच्या काठाला गुडघाभर काळा चिखल. ती पाती त्यात एकदा रुतली असती तर होडी तिथेच उगवून आली असती. वर परवानगीचा घोळ. ज्या कचेरीत गेलो तिथले साहेब म्हणाले, शिडाच्या होडीला परवानगी द्यायचा नियम नाही, आणि नियमच नसल्यामुळे नाकारताही येत नाही. मग त्यांनी मला चहा पाजला. पुढच्या खेपेलाही चहाच पाजला.

तर होडी आमच्या अंगणात उभी राहिली. रिकामे ड्रम आणि जुन्या बल्ल्या यांच्या टेकूवर, नाक कंपाऊंडच्या भिंतीवरून बाहेर काढून. घर कळंबच्या रस्त्याला लागून, त्यामुळे येणारी-जाणारी एसटी हळू व्हायची आणि खिडकीतून हमखास कुणीतरी ओरडायचं, "काय भाऊ, डोंगा कवा सोडता?"

हे सगळं मी सहन केलं असतं. पण त्या अंगणावर बायकोची नजर होती. आमच्या रस्त्यावर नवं कॉलेज सुरू होणार होतं. खेड्यांतली, तांड्यांवरची पोरं शिकायला येणार, खोल्या करून राहणार आणि त्यांना दोन वेळचं जेवण लागणार. अंगणात टिनाचं शेड टाकून खानावळ काढायची, हे तिने ठरवलं होतं. जिनिंगचा भरवसा उरला नव्हता, त्यामुळे पुढे घर तिच्या चुलीवरच चालणार हे मलाही कळत होतं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या बाईनेही तोच विचार चालवल्याची खबर आली. पोरं एकदा एका खानावळीला लागली की बदलत नाहीत. म्हणजे जे काय व्हायचं ते कॉलेज उघडायच्या आत.

"मले शेड पायजे, तुमाले डोंगा पायजे," बायको म्हणाली. "अंगनात दोनातून एकच राहीन. अन् शेडातून भाकर निंगते."

होडी विकायला मी पुन्हा त्याच दलालाकडे गेलो. गेलो म्हणजे काय, नेट कॅफेत जाऊन बसलो. आमच्या जिनिंगमधला दलाल समोर पान चघळत बसायचा. भांडण झालं तर त्याची गचांडी धरता यायची, मिटलं तर त्याच्याच पैशाने चहा पिता यायचा. हा दलाल म्हणजे नुसता आवाज. मेल पाठवला की उत्तर यायचं, आपला मेल मिळाला. मग पुन्हा तोच प्रश्न, ज्याचं उत्तर मी त्या मेलमध्येच दिलेलं असायचं. गिऱ्हाइकंही एकेक! एकाला लग्नाच्या स्टेजवर नवरदेवाची एन्ट्री करायला होडी हवी होती, पण भाड्याने, आणि तीही एका दिवसापुरती. दुसरा म्हणाला, जुनी मोटारसायकल घ्या आणि होडी द्या. मी तयार झालो, तर त्याचा फोन लागेना.

एक दिवस दलालाचा फोन आला. रेंज नव्हती म्हणून मी गच्चीत जाऊन बोललो.

"जवळ बंदर आहे का?" त्याने विचारलं.

आता आमच्याकडे बंदर म्हणजे माकड. भूगोलाच्या पुस्तकात दुसरं एक बंदर होतं, पण ते परीक्षेपुरतं. मला वाटलं, माणूस जाणकार आहे. वस्तू उघड्यावर पडलीय, नासधूस होत असेल म्हणून विचारतोय. आपण खरं सांगावं.

"आहे ना," मी म्हणालो. "घराला लागूनच."

"एकच?"

"एक कुठलं? भरपूर."

"वा! वर्दळ असते?"

"सकाळ-संध्याकाळ येणं-जाणं चालूच."

"आणि होडीला त्रास?"

"काही नाही हो. तिला सवय झाली आता."

तो खूश झाला. त्याला खूश ऐकून मीही खूश झालो, आणि खाली येऊन बायकोला सांगितलं की शेडाचे टिन बघून ठेव.

आठवड्याभरात पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ रातराणीने येऊन दारात उभे राहिले. डोक्याला गोल टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. चहा झाला. बायकोने पाहुण्यांसाठी भाकरी टाकायला घेतल्या. ते होडीभोवती फिरले, टरबूज पारखावं तशी बोटांनी टकटक करत. एका जागी आवाज बद्द आला.

"लाकूड मऊ झालंय इथे," ते म्हणाले. "पण तेवढं मी करून घेईन. होडी छान आहे हो."

स्वयंपाकघरातला भाकरीचा आवाज थांबला. बायको ऐकत होती.

"फक्त एकदा पाण्यात बघू. जुनी होडी मी तरंगताना बघितल्याशिवाय घेत नाही. चला, बंदरावर जाऊ."

"कुठं?"

"बंदरावर. जाहिरातीत आहे ना, घरालगत अनेक बंदरं."

जाहिरात मी वाचली नव्हती. फोटो बरोबर लागलेत ना, एवढंच बघितलं होतं. काय झालंय ते हळूहळू डोक्यात शिरलं. मी नुसतं वर बोट केलं. कडुनिंबावरून उतरलेलं काळ्या तोंडांचं एक कुटुंब होडीवर बसलं होतं. आई पिल्लाच्या उवा काढत होती. दोघंतिघं डोलकाठीला लटकत होती.

गृहस्थांनी वर पाहिलं. "नकाशात धरण दिसलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, तिथे धक्का असेल." ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी उचलली.

मी मागे लागलो. ट्रक बघून देतो म्हणालो, तुमच्याकडच्या धरणात सोडून बघा म्हणालो, नाही तरंगली तर परत पाठवा म्हणालो. ते मान हलवत राहिले. पलीकडच्या गल्लीतून टिन ठोकल्याचा आवाज यायला लागला होता.

बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"नाई नेत का भाऊ?"

"नाही हो वहिनी. नाही जमणार."

तिने होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डोंगा नाई तं नाई," ती माझ्याकडे पिठाचं बोट करून त्यांना म्हणाली. "मंग यायलेच घेऊन जा. तेवढीच जागा खाली होईन."