भोपळेबाईंनी अडवलेली चिप

भोपळे हे बाईंचं आडनाव नव्हे. नवीन माणसाला हे कुणी सांगेपर्यंत तो बिचारा एकदा तरी "नमस्कार, भोपळे मॅडम" म्हणून मोकळा होई, आणि बाई मान वर न करता "बोला" म्हणत. परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा मिळाला म्हणतात. बाईंचं आयुष्य शून्यांशी झगडण्यात गेलं, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव ठेवलं. उरलेल्या सगळ्यांना बाई नावं ठेवत, त्यामुळे हिशेब बरोबर होता.

आमची कंपनी चिप बनवते. बाई कंपायलर लिहीत, म्हणजे माणसाने मांडलेलं गणित चिपच्या हुकुमांत उतरवून देणारा प्रोग्राम. त्यांचा जीव विरळ तक्त्यांवर. लाखो खाने, त्यातले बहुतेक रिकामे. असा तक्ता खान्यामागून खाना चालत बसलं तर चिपचा सगळा वेळ रिकाम्या खान्यांतच जातो. बाईंचा कंपायलर भरलेले खाने तेवढे शोधून त्यांच्यापुरतीच वाट आखून देई. त्यावर त्यांचे केस पिकले होते. मी शेजारच्या टेबलावर चाचण्या घ्यायचे, चिप कारखान्यात जाण्याआधी तिची संगणकावरची नक्कल चालवून. माझ्या चाचणीत काही चुकीचं निघालं की त्या आधी मला झापत, मग चूक दुरुस्त करत, आणि दुपारी स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवत.

नव्या चिपमध्ये सर्किटवाल्यांनी एक युक्ती केली. शून्य आलं की त्याला दारातूनच परत पाठवायचं. गुणाकाराला शून्य काय कामाचं? वेग एवढा वाढला की आमच्या विभागाचे साहेब हवेतच तरंगायला लागले. पहिलं गिऱ्हाईकही मिळालं: रुग्णवाहिका चालवणारी एक संस्था. चिपने जवळचा रस्ता शोधून द्यायचा. दोन ठिकाणांमध्ये रस्ता असेल तर खान्यात अंतर, नसेल तर खाना रिकामा.

माझ्या चाचण्यांमधले नकाशे मनाने रचलेले होते. बाईंनी मला शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा खरा नकाशा घालायला लावला. तिथल्या जुन्या आणि नव्या इमारतीची आवारं एका फाटकाने जोडलेली आहेत. नकाशा करणाऱ्याने त्यांच्यातलं अंतर शून्य लिहिलं होतं, आणि त्याचं बरोबरच होतं. चिपने ते शून्य सवयीप्रमाणे परत पाठवलं आणि खाना रिकामा धरला. फाटक नाहीसं झालं, आणि जुन्या आवारात पोचलेली चाचणीतली गाडी रेल्वे यार्डाला वळसा घालून नव्या आवाराकडे निघाली.

"हे दार होतं," बाई म्हणाल्या. "यांनी भिंत करून टाकली."

साहेबांचा उपाय तयार होता. शून्याऐवजी एक मीटर लिहायला सांगू, झालं. बाई उसळल्या. आज आपण सांगू, पण उद्या न सांगितलेला माणूस शून्य लिहील, आणि तेव्हा गाडीत कुणाची तरी आई असेल. त्यांचं मागणं सरळ होतं: रिकाम्या खान्याचा अर्थ या गणितात काय धरायचा, हे कंपायलरला चिपला सांगता आलं पाहिजे. बेरजेत रिकामं म्हणजे शून्य. जवळचा रस्ता शोधताना रिकामं म्हणजे बेअंत लांब. साहेब म्हणाले, आराखडा बंद झालाय, आता त्याला कुणी हात लावायचा नाही. बाई वाद न घालता जागेवर येऊन बसल्या. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

गिऱ्हाइकांना चिप दाखवायच्या दिवशी रुग्णवाहिका संस्थेचे मुख्य चालकही आले होते. साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर मार्ग आलाच नाही, ओळ आली: "शून्य अंतर म्हणजे रस्ता नाही असं ही चिप समजते. काम थांबवलं आहे." साहेब हसून किरकोळ बिघाड म्हणायला लागले.

"बिघाड नाही," बाई मागून म्हणाल्या. "मी थांबवलंय."

मुख्य चालकांनी कारण विचारलं. बाईंनी फाटकाचं सांगितलं. ते फाटक चालकांना चांगलं ठाऊक होतं. ते साहेबांकडे न बघता उठले.

नंतर केबिनमध्ये जे झालं ते दार बंद असूनही सगळ्यांनी ऐकलं. शून्य अंतर दिसलं की काम थांबवायची जी अट कंपायलरमध्ये घातलीत ती काढा आणि माफी मागा, नाहीतर कंपायलर सोडा, असं साहेब म्हणत होते.

"तुमची चिप चुकीचं उत्तर भराभर देते," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून तिला मदत होणार नाही."

डबा उचलून त्या निघून गेल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. मला साहेबांचा राग आला आणि आमचा सगळ्यांचा त्याहून जास्त.

साहेबांनी ती अट स्वतः बसून काढली. पण माझी रुग्णालयाची चाचणी लाल ती लालच, म्हणजे नापास. ती वगळ, ते मला म्हणाले. मी म्हटलं, "चाचणी काढायची असेल तर मलाही काढा." बाईंच्या जागी बसलेल्या माणसाला कंपायलरचं काही उमगत नव्हतं. आणखी एक खुर्ची रिकामी करणं साहेबांना परवडणारं नव्हतं. कुरकुरत आराखडा उघडला गेला. सर्किटवाल्यांनी चिपला एक खटका दिला: रिकामं म्हणजे शून्य, किंवा रिकामं म्हणजे बेअंत. शून्य लिहिलेलं असेल तर तेही आता आत येणार होतं. चाचणी हिरवी झाली.

मी नाचतच बाईंच्या घरी गेले. त्यांचे वडील, जुने घड्याळजी, खिडकीशी डोळ्याला भिंग लावून बसले होते. म्हणाले, "बरं झालं आलीस. घरात भांडायला कुणी पुरत नाही तिला." मी बाईंना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. शाबासकीची वाट बघत राहिले.

"पर्याय दोनच?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"समज, शीतगृहातले सगळे कप्पे शून्याखाली आहेत. काही कप्प्यांत तापमापकच नाही. सर्वांत गरम कप्पा कोणता, ते विचार तुमच्या चिपला."

मी मनातल्या मनात आकडे मांडले. रिकामं म्हणजे शून्य धरलं तर तापमापक नसलेला कप्पाच सर्वांत गरम ठरत होता. बेअंत धरलं तरी तोच.

"बाई, उद्या सकाळी आराखडा कारखान्यात जातोय."

"म्हणजे अजून गेलेला नाही," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "लाव साहेबांना."