ग्लेनिसने कापणी थांबवली

ग्लेनिस पेटशेलला बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. एकतीस वर्षं आम्ही शेजारी आहोत, मधे फक्त तारेचं कुंपण आणि तिचं लिंबाचं झाड. ती बशी हातात धरून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत जेवते. चर्चमध्येही सगळ्यात मागे, दाराशी उभी असते. एकदा पाद्रीसाहेब म्हणाले, "ग्लेनिस, बाकं रिकामी आहेत गं." ती म्हणाली, "असू देत. त्यांनाही जरा आराम."

आमच्या यारनिप गावच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या कोठारांवर, तिचं काम. तीन उंच पांढरे सायलो, त्यांच्या तोंडाशी लोखंडी मचाण, मचाणावर पत्र्याची खोली. डिसेंबरात, आमच्या ऐन उन्हाळ्यात, गव्हाचा प्रत्येक ट्रक त्या मचाणाखाली थांबतो. ग्लेनिस लांब नळी गव्हात खुपसून नमुना ओढते, ओलावा बघते, चाळते, आणि सांगते, हा पावाचा गहू, हा बिस्किटाचा, हा जनावरांचा. चौतीस हंगाम ती हे करतेय. लोक कुरकुरतात, पण हुज्जत घालत नाहीत, कारण तिने सख्ख्या भावाचा गहूसुद्धा दोनदा जनावरांच्या ढिगात घातला होता. तो भाऊ आता नाही. त्याचा मुलगा शेन शेती करतो. ग्लेनिसने लग्न केलं नाही. शेन, त्याची बायको जोडी आणि त्यांची सात वर्षांची बॉनी, एवढंच तिचं घर.

मार्चमध्ये बॉनीला रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं. तेव्हापासून तिघं मेलबर्नला, हॉस्पिटलजवळच्या एका खोलीत. गावात जो तो काहीतरी करायला धावला. जोडीच्या फ्रीजरमध्ये मटणाच्या कॅसरोलची इतकी भांडी जमली की झाकण लागेना. कोणी शेनची मेंढरं सांभाळली, कोणी शेवटच्या दोन फवारण्या केल्या. मी दर सोमवारी बॉनीला टपालाने धडा पाठवायची. शाळेतून निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. ग्लेनिस सगळ्यांच्या घरी जाऊन कोण काय करतंय ते पाहायची आणि अर्ध्या बोलण्यातच उठायची, म्हणजे मुळात बसलेलीच नसायची.

डिसेंबरात डॉक्टरांनी बॉनीला घरी यायला दोन दिवसांची सुट्टी दिली. शनिवार आणि रविवार. उपचाराचा सगळ्यात जड टप्पा दोन आठवड्यांनी सुरू व्हायचा होता, आणि तो वेळेवर सुरू होणं फार गरजेचं होतं. मधे बॉनीला कसलाही संसर्ग झाला तर उपचार थांबणार, आणि थांबले तर नऊ महिन्यांत जे मिळवलं ते हातचं जाण्याची भीती. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी जेमतेम होत्या. सोबत एक कागद आला: गर्दी नको, ताजी फुलं नकोत, पाळीव पक्षी नकोत, माती उकरू नका, बांधकामाची धूळ नको. ताप अडतीस सेल्सियसवर गेला तर थेट हॉस्पिटल.

ग्लेनिसने तो कागद शेनच्या फ्रीजवर लावला आणि घराची झडती घेतली. व्हरांड्यातल्या कुंड्या माझ्याकडे आल्या. पोपट शेजारच्या शेतावरच्या नस्कींकडे गेला. दारांच्या मुठी तिने इतक्या घासल्या की एकीचा रंग उडाला. पाहुण्यांसाठी तिने सायलोवरचा मास्कचा अख्खा खोका दाराशी ठेवला. बांधकामाच्या ओळीवर बोट ठेवून ती हसली. "हे बरं. आपल्या गावात शेवटची वीट लागली ती सार्वजनिक संडासाला. तेव्हा शेन चड्डीत होता."

तोच शनिवार कापणीचा ठरला होता. शेनचा गहू वाळून उभा, आणि रविवारी पावसाचा अंदाज. शेजारी आजारात असला की आमच्याकडे बाकीचे आपलं पीक उभं ठेवून आधी त्याचं कापतात. त्यासाठी कोणी बोलावत नाही, आणि आभार मानलेले कोणाला खपत नाहीत. अकरा हार्वेस्टर, कापणीची मोठी यंत्रं, यायचे होते. तारखा जुळल्या तेव्हा ग्लेनिस माझ्या दारात येऊन म्हणाली, "बॉनी खिडकीतून बघेल! दरवर्षी ती बापाच्या हार्वेस्टरच्या केबिनमध्ये बसते. या वर्षी केबिन नाही, निदान खिडकी तरी." कापणीची सूत्रं ट्रेव नस्कीकडे होती. तिने स्वतः त्याला फोन केला, "घरासमोरच्या शेतापासून सुरुवात करा. पोरीला दिसू दे."

ट्रेव म्हणाला, "हुकूम, आंटी ग्लेन. बँडबाजा पण आणू का?"

सगळं गाव तिला आंटी म्हणतं. ट्रेव तिच्याहून चारच वर्षांनी लहान आहे, तोही म्हणतो.

शनिवारी सकाळी उत्तरेचा वारा सुटला, कोरडा, गरम. थांबावं लागेल इतका जोराचा नव्हता. ट्रेवने दोनदा यंत्र लावून वारा मोजला. शेताच्या कडेला अग्निशमनाचा ट्रक पाणी भरून उभा, दोघं पाइप हातात धरून तयार. आमच्याकडे कापणीला सगळ्यांच्या मनात एकच भीती असते, आगीची. दगडावर पातं घासलं, ठिणगी उडाली, संपलं. सगळे आगीकडे डोळे लावून होते. मीही होते. आम्ही चार-पाच बायका शेताच्या फाटकाशी सँडविच बांधत होतो, आणि ट्रेवच्या बायकोच्या गाडीतला, हार्वेस्टरवाल्यांशी बोलायचा रेडिओ चालू होता. त्यावर पुरुषांची बडबड.

"शेनने हे कुंपण सरळ घातलंय का वाकडं?"

"सरळ आहे. तुझा हार्वेस्टर वाकडा चाललाय."

अकरा यंत्रं तिरप्या ओळीत निघाली. मागे धुळीचा पडदा उठला, भुसकटाचा, पिवळा. वाऱ्याने तो दक्षिणेकडे ढकलला. दक्षिणेला शेनचं घर. आम्ही सगळे ते पाहत होतो आणि आमच्यापैकी एकीलाही काही दिसलं नाही. आम्ही त्या धुळीत वाढलोय. धुळीत आमचे कपडे वाळतात, पोरं रांगतात. मी तर खिडकीकडे बघून हातही हलवला. खिडकीत बॉनीची निळी टोपी दिसत होती.

तेव्हा ग्लेनिस तिकडे मचाणावर होती. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. शेनच्या शेतातला तिसरा ट्रक तिच्याखाली आला. तिने नळी खुपसली, धूळ उसळली, आणि सवयीने तिचा हात मास्ककडे गेला. तोंडावरचा फाटला होता. नवा घ्यावा म्हणून ती फळीकडे वळली. फळी रिकामी. खोका शेनच्या दाराशी होता.

ती तशीच उभी राहिली. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला दरडावलं होतं, गव्हाच्या धुळीत बुरशी असते, मास्कशिवाय नळी हातात धरायची नाही, धडधाकट फुप्फुसंसुद्धा सडतात. म्हणून तर तो खोका होता.

चौतीस वर्षांत रांग सोडून ती कधी खाली उतरली नव्हती. त्या दिवशी मचाणाच्या पायऱ्या दोन-दोन उतरली, मागे सहा ट्रक हॉर्न वाजवत राहिले, आणि तिने आपल्या गाडीतल्या रेडिओचा मायक्रोफोन धरला.

फाटकाशी आम्हाला तिचा आवाज आला. "थांबा. सगळे थांबा."

"आग?" ट्रेवचा आवाज एकदम बदलला. "कुठं? आंटी, कुठं?"

"आग नाही. धूळ. धूळ घरावर चाललीय, ट्रेव."

"आंटी, उद्या पाऊस आहे. धूळ ती धूळच, नेहमीच..."

"पोरीच्या अंगात लढायला काही नाही. या धुळीत बुरशी असते. ती पोरीच्या छातीत जाईल. मीच सांगितलं तुला इथून सुरू कर म्हणून. मी सांगितलं. आता बंद कर."

उभं पीक, डोक्यावर पाऊस, आणि हार्वेस्टर बंद? यारनिपमध्ये हे कोणी ऐकलेलं नव्हतं. मग ट्रेव म्हणाला, "एक नंबर बंद." मग दुसऱ्याने आपलं आडनाव सांगितलं, "क्रेले, बंद." असे एकामागून एक अकरा. शेवटचा होता रिक्टरांचा धाकटा. तो नेहमी एकच वाक्य जास्त बोलतो. "बंद. पण बाईंना सांगा, सँडविच तरी पाठवा."

मी सँडविच टाकून घराकडे पळाले. तिथे पोचले तोवर ग्लेनिसची गाडी येऊन थडकली होती. जोडीने खिडक्या गच्च लावल्या होत्या. तिला बरं वाटत होतं, घर बंद आहे. ग्लेनिसने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "जोडी, कूलर!" आमच्याकडे घरोघरी छतावर पाण्याचा कूलर असतो. तो बाहेरची हवा ओढतो आणि घरात फुंकतो. सकाळपासून तो फिरत होता. जोडीने धावत जाऊन तो बंद केला.

बाहेर छत्तीस अंश. कूलरशिवाय घराची भट्टी झाली. शेनने बॉनीला मास्क लावून मागच्या दाराने गाडीत घातलं, काचा वर, आतली हवा आतच फिरवली, आणि शेताला लांबून वळसा घालून उत्तरेकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला गाडी नेऊन उभी केली. जाताना बॉनी काचेतून काहीतरी विचारत होती. आवाज ऐकू येत नव्हता, फक्त ओठ हलताना दिसत होते.

ग्लेनिसने आणि मी ओल्या फडक्यांनी घर पुसायला घेतलं. कूलरच्या झरोक्यांवर ग्लेनिसने पुठ्ठा ठोकला, स्वतः शिडीवर चढून. "धरू का?" म्हटलं, तर म्हणाली, "शिडी धर. बोलू नकोस." खाली उतरली आणि पुन्हा फ्रीजपाशी गेली. तिने तो कागद वाचला. मग व्हरांड्यात. मग परत कागद. "बांधकामाची धूळ," ती म्हणाली. "मी हसले होते ना गं यावर?"

"मीही हसले होते," मी म्हटलं.

"तू शाळेतली. धूळ माझा धंदा आहे."

शेतात अकरा माणसं कापलेल्या खुंटांवर बसली होती. म्हणजे बसत होती, उठत होती, नैऋत्येकडे बघत होती. दुपारनंतर तिकडून थंड वारा येणार होता. तो आला की धूळ घरापासून उलटी जाईल. पण त्याच वाऱ्यामागे पाऊस. मधे किती तास मिळतील ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी सँडविच घेऊन गेले तेव्हा ट्रेव गव्हाची लोंबी हातावर चोळत होता. तो माझ्या चौथीच्या वर्गात होता, तेव्हाही धीर नव्हता.

"बाई, आंटीला सांगा, तिची चूक नाही. आम्ही अकरा जण होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"तूच सांग."

"मी सांगितलं तर मारेल ती."

पावणेचारला वारा पडला. पाच मिनिटं पान हललं नाही. मग नैऋत्येकडून गार झोत आला आणि लोंब्या एकदम दुसरीकडे झुकल्या. ट्रेव लगेच रेडिओवर म्हणाला, "आंटी, परवानगी?"

ग्लेनिस व्हरांड्यासमोर आपल्या गाडीपाशी उभी राहून बोट ओलं करून वारा बघत होती. पुरती दहा मिनिटं तिने तो पाहिला. ट्रेवच्या शिव्या रेडिओवर ऐकू येत होत्या. मग ती म्हणाली, "लांबच्या शेतांपासून. घरासमोरचं कोणी शिवायचं नाही. आज नाही, कधीच नाही."

"अजून चाळीस एकर चांगला गहू उरलाय तिथं."

"ऐकू आलं ना?"

संध्याकाळी सात वाजता, अंदाजाच्या आधीच, पाऊस आला. तोवर बाकीचं सगळं कापून झालं होतं. घरासमोरचे चाळीस एकर तसेच उभे राहिले आणि भिजले.

रविवारी तिघं मेलबर्नला परतली. पुढचे दोन आठवडे मी ग्लेनिसला फारसं पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. पहाटेपासून तिच्या पायांचा आवाज, अंगणात, मागच्या गल्लीत. कुंपणापाशी आली की मी विचारायची, "ताप?" ती म्हणायची, "सदतीस पॉइंट एक," आणि निघून जायची. एकदा "सदतीस पॉइंट आठ" म्हणाली, आणि त्या दिवशी तिने आपलं लिंबाचं झाड सोलल्यासारखं छाटलं. संध्याकाळी सदतीस दोन. ही बुरशी लगेच दिसत नाही, आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी शेनला सांगितलं होतं आणि शेनने तिला. सांगायला नको होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी बॉनीच्या छातीचा फोटो निघणार होता. मधे काही दिवस कोरडे गेले, तेव्हा आदल्या गुरुवारी ट्रेवने कोणाला न विचारता ते चाळीस एकर कापले. आता घरात कोणी नव्हतं. शुक्रवारी तो गहू घेऊन तो मचाणाखाली आला. मी तिथेच होते. ग्लेनिसला जेवण नेऊन दिलं होतं, डबा उघडलेला नव्हता. तिने नळी ओढली आणि दाणे तळहातावर पसरले. पावसाने दाण्यांना बारीक पांढरे कोंब आले होते.

ट्रेवने खिडकीतून मान काढली. "आंटी, पावाच्या ढिगात टाक की. शेनचा आहे. एका ट्रकने कोण मरतंय?"

"कोंब आहेत."

"चार-दोन."

"जनावरांचा," ती म्हणाली आणि कागदावर तसं लिहिलं. ट्रेव हसला. मला वाटतं त्याला ते अपेक्षितच होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि मचाणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली, पत्रा धडधड वाजत होता. मधेच ती थांबली. ट्रेवने इंजिन बंद केलं.

"स्वच्छ?" ती म्हणाली. "दोन्ही बाजू? दोन्ही, शेन? परत सांग."

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला, कारण आता बॉनी बोलत होती. ट्रेवला आणि मला ऐकू यावं म्हणून तिने आवाज मोठा केला.

"आंटी ग्लेन, मी खिडकीतून मोजत होते. अकरा होते. मग सगळे थांबले. का थांबलात?"

ट्रेवने खाली पाहिलं.

"वारा बरोबर नव्हता गं," ती म्हणाली.

"मग बाबांनी गाडी फिरवली, तेव्हा मला मागून दिसले. मागून जास्त छान दिसतात. पुढच्या वर्षी मी केबिनमध्ये."

"सोमवारपासून तुझं औषध सुरू होतंय ना? ते आधी."

"हो. ते वाईट असतं. पण केबिन."

"केबिन," ग्लेनिस म्हणाली. फोन बंद करून तिने खिशात ठेवला, मग परत काढून तो खरंच बंद झालाय का ते पाहिलं. ट्रेव अजून तिच्याकडे बघत होता. तिने हात झटकला.

"काय बघतोस? तुझ्यामागे चार ट्रक आहेत. हल पुढे."