सासूबाईंचे दोन दिवस

आमच्या सासूबाईंची गोष्ट आता गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. अगदी सिनेमा असल्यासारखी सांगतात. सासूबाई म्हणे तडक चौकीत शिरल्या, साहेबाच्या टेबलावर हात आपटला आणि म्हणाल्या, सोडा त्या पोरीला, गुन्हेगार मी आहे. सांगणारा स्वतःसुद्धा हात आपटून दाखवतो. अहो, त्या बाईने उभ्या आयुष्यात टेबलं फक्त पुसली, आपटलं एकही नाही. चौकीत त्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन पावणेचार तास बसून होत्या, आणि मध्ये एकदा मला हळूच विचारलं की इथे बायकांनी लघवीला कुठे जायचं. मी शेजारीच बसले होते, म्हणून सांगते.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. सून सासूबद्दल बोलायला लागली की ऐकणारा आधी गालातल्या गालात हसतो, हे मला माहीत आहे. हसा खुशाल. आमचं काही गूळपीठ नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं तर त्या बोलायच्या नाहीत, पण मिठाची बरणी उचलून माझ्यासमोर ठेवायच्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असायचं. मला त्यांचं कौतुक करायचं नाहीये. लोकांच्या गोष्टीत दोन दिवस गाळलेले असतात. त्या दोन दिवसांत माझा हात आहे, म्हणून बोलतेय.

सासूबाई अठरा वर्षं एकाच घरी साफसफाईला होत्या. मोठी इमारत, सहावा मजला. घरात बाईसाहेब, त्यांचे यजमान आणि बाईसाहेबांचे अंथरुणाला खिळलेले वडील, त्यांना सगळे आजोबा म्हणायचे. माझा नवरा त्याच यजमानांच्या गाडीवर ड्रायव्हर. म्हणजे आमच्या घरातली चूल त्या एका सहाव्या मजल्यावर पेटायची म्हणा ना. मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायचे, त्यातून फार तर फोडणीपुरतं निघायचं.

सासूबाईंची काम करायची एक रीत होती. खोलीच्या टोकापासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दारातून बाहेर पडायचं, म्हणजे पुसलेल्या फरशीवर आपलंच पाऊल उमटत नाही. हात सगळीकडे फिरला पाहिजे, नजर कुठेही फिरता कामा नये. टेबलावर पत्र उघडं पडलेलं असलं तर त्या ते पालथं घालून मग धूळ झटकायच्या. आणि कागद चुरगळलेला दिसला की तो कचरा, उचलायचा आणि टोपलीत टाकायचा. उलगडून बघायचं नाही. त्यांना चांगलं वाचता येत होतं, म्हणून तर जास्तच जपायच्या. "दुसऱ्याचा कागद उलगडणं म्हणजे दुसऱ्याच्या दाराला कान लावणं," असं मलाही ऐकवायच्या, जसं काही मी रोज कान लावूनच बसलेली असायचे.

त्या घरात आजोबांचं करायला दोन वर्षांपासून एक मुलगी होती. खाणीकडची. त्या बाजूच्या लोकांचा रंग आमच्यापेक्षा खूप गडद, केस दाट कुरळे, लांबूनही ओळखू येतात. ते खाणीत कामाला म्हणून आले त्याला दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी त्यांना कुणी इथलं म्हणत नाही. मुलीला नाव होतं, पण बाईसाहेब "ए काळे" अशीच हाक मारायच्या. वाईट मनात ठेवून म्हणत असतील असंही नाही, दाराला दार म्हणावं इतक्या सहज म्हणायच्या. ती बैठकीच्या खोलीतून जाताना सोफ्याला टेकली, तर बाईसाहेब सासूबाईंना नंतर म्हणायच्या, "मावशी, तिथे जरा फडकं मारा." आणि सासूबाई मारायच्या. हेही लोकांच्या गोष्टीत नसतं.

पण पोरीशी त्यांचं जमायचं. आजोबांना कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून चादरीला सुरकुती कशी ठेवायची नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं. ती दुपारी त्यांचे गुडघे चोळून द्यायची. घरी आल्यावर सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या हाताला गुण आहे." मी म्हणायचे, "मग करा सून तिलाच." त्या मिठाच्या बरणीकडे बघायच्या.

तर एका सोमवारी बाईसाहेबांची हिऱ्याची कानातली हरवली. सकाळी केसांना रंग लावताना काढून ठेवली होती, एवढंच त्यांना आठवत होतं. दुपारी घरभर शोधाशोध झाली. कपाटं झाली, गाद्या झाल्या. मग बाईसाहेबांनी मुलीला भिंतीशी उभं केलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, हिची पिशवी तुम्ही बघा. माझा तुमच्यावर विश्वास आहे." सासूबाईंनी पिशवी जमिनीवर रिकामी केली. कंगवा, अर्धा पाव, आईचा फोटो, एक जादा ओढणी. काही निघालं नाही. निघालं नाही म्हणजे बाहेर पोचवलं असणार, असं ठरलं. चार वाजता पोलीस येऊन तिला घेऊन गेले. सासूबाईंच्या पिशवीला कुणी हात लावला नाही. तसं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी बटाटे सोलत होतो. सासूबाईंचा हात मध्येच थांबला.

"कागद जड होता," त्या म्हणाल्या.

"कुठला कागद?"

"बेसिनवरचा. टिश्यूचा बोळा. उचलला तेव्हा हाताला जरासा जड लागला. मला वाटलं ओला असेल." त्यांनी चाकू खाली ठेवला. "त्यात होती गं ती. बाईसाहेबांनी गुंडाळून ठेवली असणार. मी टाकली कचऱ्यात."

कचऱ्याची गाडी दुपारी बाराला येऊन जाते. एव्हाना ती कानातली गावाबाहेरच्या कुठल्या ढिगाऱ्यात असतील ते देवाला ठाऊक. पण मला कानातल्यांचं काही पडलेलं नव्हतं. मला दिसत होता तो नवऱ्याचा ड्रायव्हरचा गणवेश, खुंटीवर. मी उठून आधी दार लावलं.

"हे कुणापुढे बोलायचं नाही," मी म्हटलं. "तुमच्या मुलापुढेही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही सांगायला जाल आणि आपली दोन्ही कामं सुटतील."

"आणि ती पोरगी?"

"तिच्याकडे काही सापडलं नाही ना, मग सोडतील दोन दिवसांत. आणि आई, ती खाणीकडची आहे. त्या लोकांना चौकीची सवय असते."

हे मी या तोंडाने बोलले. रागात नाही, भांडणात नाही, बटाटे सोलता सोलता. सासूबाईंनी पुन्हा चाकू उचलला.

मंगळवारी त्या कामाला गेल्या. बुधवारीही गेल्या. आजोबांना भरवायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं. आजोबा तोंड घट्ट मिटून घ्यायचे आणि विचारायचे, पोर कुठेय. बोलणं तसं अडखळत, पण एवढं स्पष्ट यायचं. बाईसाहेब दारातून म्हणायच्या, "बाबा, ती चोर निघाली." सासूबाई चमचा हातात धरून बसायच्या. घरी आल्या की जेवायच्या नाहीत. मी विचारायचे, "दुखतंय का कुठे?" जसं काही मला माहीतच नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या लाँड्रीत आल्या. अठरा वर्षांत कामाच्या वेळेला त्या रस्त्यावर दिसल्या नव्हत्या. माझ्या हातात इस्त्री तशीच राहिली.

"सांगितलं मी बाईसाहेबांना," त्या म्हणाल्या.

"मग?"

"त्या हसल्या. म्हणाल्या, मावशी, तुम्ही फार भोळ्या. तिला वाचवायला स्वतःवर घेताय. अठरा वर्षांत तुमच्या हातून चमचा हरवला नाही. मी म्हटलं, तिच्या हातून तरी कुठे हरवला होता? तर त्या म्हणाल्या, तिची गोष्ट वेगळी." त्यांनी माझ्या हातातली इस्त्री उभी करून ठेवली. "चल. चौकीत जायचंय. मला एकटीला भीती वाटते."

मी गेले. कशाला गेले तेही सांगून टाकते, त्यांना वाटेतून परत आणायला गेले. सगळा रस्ता मी बोलत होते की हे हात दाखवून अवलक्षण आहे, बाईसाहेबच विश्वास ठेवत नाहीत तर पोलीस काय ठेवणार. त्या गुडघे सांभाळत चालत राहिल्या.

चौकीतल्या साहेबांनी पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, घरी जा. वय झालंय तुमचं." सासूबाई बाकावर बसल्या. तासाभराने साहेब पुन्हा बाहेर आले. "अजून इथेच?" त्या म्हणाल्या, "लिहून घ्या, मग जाते."

"लिहून घेतलं तर तुम्हालाच आत ठेवावं लागेल."

"ठेवा."

"चोरी केली म्हणून?"

"टाकली म्हणून. जे केलं तेच लिहा. चोरी मीही केली नाही, तिनेही केली नाही."

हा एवढाच तमाशा. आवाजसुद्धा चढला नाही त्यांचा. पिशवीचे बंद मात्र गच्च धरले होते. शेवटी साहेब कंटाळले आणि त्यांनी लिहून घेतलं. मग बाईसाहेबांना फोन लावला की इथे एक बाई गुन्हा कबूल करून बसलीय, आता तुम्ही सांगा, कुणाला धरून ठेवू? बाईसाहेब गाडीने आल्या. गाडी माझा नवराच चालवत होता. आईला बाकावर बघून त्याचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली.

बाईसाहेबांनी तक्रार मागे घेतली. साहेबांना म्हणाल्या, "मावशींकडे बघून सोडतेय हिला." म्हणजे बघा, पोरीने काही केलं नव्हतं म्हणून नाही, मावशींवर उपकार म्हणून. मग सासूबाईंकडे वळल्या. "इतकी वर्षं मी तुम्हाला घरातलं समजत होते. तुम्ही दोघी सामील असाल असं मला वाटलं नव्हतं. उद्यापासून येऊ नका." अठरा वर्षं सासूबाईंवर कधी संशय आला नव्हता. स्वतःची चूक कबूल केली तरी आला नाही. पोरीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा एका मिनिटात आला.

पुढचं थोडक्यात सांगते. पंधरा दिवसांनी नवऱ्याचं गाडीवरचं काम गेलं. त्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत सासूबाईंना दार बंद झालं. वर्षभर आम्ही कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. मग त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात फरशा पुसायचं काम मिळालं आणि शेवटपर्यंत त्या तिथेच होत्या. नवरा टेम्पो चालवायला लागला. त्याने आईला एका शब्दाने बोल लावला नाही. मी लावले, रोज नवे. तेव्हा गल्लीत कुणी त्यांना शूर म्हणत नव्हतं. हे सगळं नंतर सुरू झालं, जशी आमची चूल पुन्हा नीट पेटायला लागली तसं.

पण या सगळ्याच्या आधी, सुटल्यावर आठव्या दिवशी, ती मुलगी आमच्या घरी आली. दुपारची वेळ. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी राहिली. सासूबाईंनी हात धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसल्या. मी चहा ठेवला. मनगटावर काळानिळा वण होता, ती तो दुसऱ्या हाताने झाकत होती. म्हणाली, आईकडे परत निघालेय, आभार मानायला आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. आजोबा खातात का विचारलं.

मग म्हणाली, "मावशी, तुम्हाला कधी आठवलं?"

मी शेगडीपाशी होते. मी पटकन म्हटलं, "अगं, त्याच दिवशी सकाळी. गुरुवारी. आठवलं तशा धावतच लाँड्रीत आल्या."

मुलगी मान हलवायला लागली होती. केवढी सुटका दिसत होती तिच्या तोंडावर.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्याच संध्याकाळी आठवलं. सोमवारी."

मुलीची मान हलायची थांबली. म्हणाली, "चौकीत दार वाजलं की मला वाटायचं, मावशी आल्या. इथलं दुसरं कोण येणार होतं माझ्यासाठी? सोमवारी वाटलं, मंगळवारी वाटलं. बुधवारी वाटायचं बंद झालं." तिने ओढणी मनगटावर ओढून घेतली. "मग इतके दिवस का नाही आलात?"

सासूबाई म्हणाल्या, "भ्याले."

एवढंच. नाव घेतलं नाही, मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं ते चौकीच्या सवयीचं वाक्य त्यांना शब्दन् शब्द माहीत होतं. ते त्या पोरीपुढे ठेवलं असतं तर त्यांचा अर्धा भार तिथेच उतरला असता. मी कप धरून उभी होते. मला वाटलं, आता बोलावं. म्हणावं, यांनी नाही गं, मी सांगितलं गप्प बसा म्हणून, आणि का सांगितलं तेही. माझ्या जिभेवर आलं होतं.

मुलगी उठली. सासूबाईंच्या पाया पडली नाही, रागाने काही बोललीही नाही. "येते," म्हणाली आणि गेली. सासूबाई दाराकडे बघत बसून राहिल्या. चहा तसाच होता. गल्लीच्या टोकापर्यंत जायला तिला दोन-तीन मिनिटं लागली असतील, धावत गेले असते तर मी तिला गाठलं असतं. मी चहा मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला.