संत्री पास, तणस नापास

संत्रा पिकवणाऱ्या मित्रांनो, परदेशात माल पाठवायचे नियम आपल्याला माल अडल्यावरच का कळतात?

आज सकाळी आसेगावला शांताकाकूंच्या बागेत होतो. तेवढ्यात बांगलादेशच्या सीमेवरून ड्रायव्हरचा फोन आला. काकूंची संत्र्याची गाडी तिथल्या तपासणी अधिकाऱ्यांनी अडवली होती. संत्री चांगली आहेत, पण पेटीत अंथरलेलं भाताचं तणस, म्हणजे पेंढा, चालणार नाही म्हणे.

काकू भडकल्या. "काहून? सासऱ्याच्या वक्तापासून तणसावरच निजवतो आमी संत्र्याले!"

"काकू, तणसातून कीड येईन म्हनून भेतात ते," मी म्हटलं.

"मंग आधी सांगाचं ना बाप्पा! कागद अंथरला असता मी."

ड्रायव्हर आता तिथे रद्दी शोधतोय. आज पेट्यांतलं तणस बदललं नाही, तर संत्री सीमेवरच सडतील.

व्यापार सोपा करण्याचे करार देशादेशांत होतात. ते वाचून मीही भाषणं ठोकतो. पण पेटी भरण्याआधी काकूंना नियम कळत नसेल, तर व्यापार सोपा झाला तो कुणासाठी?

येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि हा एकच ठराव मंजूर करून घ्या: माल घेणाऱ्या देशाचे नियम मराठीत, बाजार समितीच्या फलकावर, तोडणीच्या आधी लागले पाहिजेत.