फॉर्मवर नंबर माझा होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात, तर तुमचाही एखादा फॉर्म मीच भरला असेल.

नेरच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. बारा वर्षं झाली. स्वतःचं कौतुक करायला मी लाजत नाही: या तालुक्यात माझ्याइतका बिनचूक फॉर्म कुणी भरत नाही. सर्व्हर बंद पडला की बाकीचे हात वर करतात. मी चहा पिऊन पुन्हा बसते आणि काम करूनच उठते. गावोगावच्या बायका मला 'ऑनलाइनवाल्या ताई' म्हणतात. मला ते आवडतं. का नाही आवडणार?

फॉर्मवर मोबाइल नंबर लागतो. निम्म्या लोकांकडे तेव्हा फोन नसायचा, उरलेल्यांचं रिचार्ज संपलेलं. मग मी माझाच नंबर टाकायचे. त्यामुळे चार-पाच गावांचे ओटीपी, निकाल, मुलाखतीच्या तारखा — सगळं माझ्या फोनवर. इंटरनेटनं साध्या माणसाला ताकद दिली म्हणतात — बोलायची, शिकायची, थेट वरच्या साहेबाकडे तक्रार करायची. दिलीच की! पण माझ्या हातात आलेली ताकद निराळी होती. कुणाच्या घरात काय होणार, हे त्या घराआधी मला कळायचं. सांगायचं की नाही — तेही मीच ठरवायचं.

मी सांगायचे. प्रत्येकाला, वेळेवर. एकदा सोडून.

प्रज्ञा जवळच्याच गावची. बाप गवंडी, पोरगी बारावीला चांगले मार्क घेतलेली. सहा वर्षांपूर्वी तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला, नंबर अर्थात माझा. पुढे महिन्याभरानं मामानं तिला फोन घेऊन दिला, आणि ती सुटलीच. व्हिडिओ बघून बघून सगळं शिकली. एकदा माझ्याकडे झेरॉक्सला आली होती. भर गर्दीत मी एका म्हाताऱ्या बाबांचा फॉर्म भरत होते. ही मागून वाकली आणि म्हणाली, "ताई, हा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा हाये. फॉर्म बाद होईन ना."

तिचं बरोबर होतं. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसले, पण कान तापले होते.

मग दर रविवारी बुद्धवंदना झाली की ती विहाराच्या ओट्यावर बसायला लागली. लोकांचे फॉर्म भरून द्यायची नाही — त्यांचा फोन त्यांच्याच हातात ठेवून त्यांना भरायला शिकवायची. मी? मी तोवर एकाही माणसाला शिकवलं नव्हतं. माझी रांग थोडी आखडली, पण पोटावर पाय आला होता असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? मला झोंबलं ते वेगळंच. त्या गावच्या बायका तिलाही 'ताई' म्हणायला लागल्या होत्या.

आणि एका दुपारी, डबा उघडून बसले असताना, मेसेज आला. प्रज्ञाला दुसऱ्या फेरीत जागा मिळाली होती — यवतमाळला, सरकारी कॉलेजात. तीन दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

पहिल्या दिवशी मी गप्प बसले. येईल की विचारायला, म्हटलं. स्वतःला फार कळतं ना? पण तिला कळणार कसं? लॉगिन करायचं, नंबर बदलायचा, काहीही करायचं तरी ओटीपी माझ्याकडेच. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, काही आलं का?"

मी म्हटलं, "नाही वो. आलं की सांगतो ना तुले."

तिसरा दिवस गेला. चौथ्या दिवशी तिला सांगितलं — नंबर नाही लागला. ती समोरच्या बाकड्यावर बसून रडली. "कायले रडून राह्यली?" म्हणत मी तिला पाणी दिलं. हो, पाणीही मीच दिलं.

त्यानंतर तिनं रविवारचं बसणं सोडलं. "माह्याच फॉर्मचं काही झालं नाही, लोकायले मी काय शिकवू?" असं म्हणाली म्हणे. माझी रांग पुन्हा पहिल्यासारखी झाली. आता ती यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात काउंटरवर पेशंटची नावं लिहिते.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला, करुणाला, घेऊन आली. नर्सिंगचाच फॉर्म. मी नंबरच्या रकान्यापाशी थांबले.

"तुमचाच टाका ना ताई," प्रज्ञा म्हणाली. "तुमच्यापाशी असला म्हंजे चुकत नाही."

"नको. करुणाचा टाकू."

तिचा चेहरा उतरला. "काहून ताई? माह्यं काही चुकलं का?"

"नाही वो," एवढंच मी म्हणाले. तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात आम्ही तिघीच होतो.

करुणाच्या फोनवर ओटीपी आला, तिनं तो मोठ्यानं वाचला, मी टाकला. फॉर्म बिनचूक गेला.

तो जुना मेसेज अजून माझ्याकडे आहे. सहा वर्षांत मी दोनदा फोन बदलला, दोन्ही वेळा तो आठवणीनं नव्या फोनवर घेतला. प्रज्ञाला दाखवलेला नाही.