रुखवतात चाललेलं ग्रिल

ग्रिलला बांधलेल्या चिठ्ठीवर तिचं नाव वाचलं, तिथंच माझं सगळं बदललं.

परवा या ग्रुपवर तुम्हाला विचारलं होतं ना, कोळशाचं ते महागडं ग्रिल घ्यावं का? कॉलेज सोडून मी शनिशिंगणापुरात कणसं भाजतो. त्या ग्रिलवर हॉटेल टाकून कॉलेजातल्या तिला मागणी घालणार होतो.

आज नगरच्या दुकानात मालक म्हणाले, "ते रुखवतात चाललंय भाऊ. दुसरं मागवू का?"

"नवरा काय करतो?"

"पुण्यात इंजिनियर हाय. तो कशाला भाजतोय? शोभेला ठेवतील."

एरवी मी राडा केला असता. आज नुसतं झाकण उघडून आत बघितलं.

तुम्हीच सांगा, ज्यात कधी निखारा पडणार नाही, त्याची किंमत वसूल होते का?

आमच्या गावात घरांना दारं नसतात. तरी निघताना दुकानाचं दार मी नीट ओढून घेतलं.