मूळ रंगातला सरपंच

स्वतःच्याच कार्यक्रमाला पासपोर्ट घेऊन जाणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही त्याला सरपंच म्हणायचो. टांझानियाहून पुण्यात फार्मसी शिकायला आलेला, कात्रजला भाड्याच्या खोलीत राहणारा सरपंच दर शनिवारी एका क्लबात डीजे असायचा. डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत नव्हे. टेबलामागे उभं राहून एका गाण्यात दुसरं गाणं गुंफणारा माणूस. क्लबाच्या गेटवर त्याचं पोस्टर लागायचं आणि त्याच पोस्टरखाली त्याला अडवलं जायचं.

"फोटोतला माणूस गोरा हाय," बाउन्सर म्हणायचा. त्याचं खोटं नव्हतं. छापताना चेहरा उजळून काढलेला असायचा.

"अहो, आम्ही दोघं एकच," सरपंच शांतपणे सांगायचा. "आई एक, ट्यूबलाइट वेगळी." मग पासपोर्ट निघायचा.

डीजेचं हे संगीत मुळात अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी घडवलं. त्याच संगीताच्या दारात काळ्या माणसाने ओळख पटवायची, हा निर्लज्जपणा आहे, असं मी तावातावाने बोलायचे. सरपंच ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे, मॅडम. चिडा, पण जेवून चिडा."

सरपंच हे नाव त्याला नाचणाऱ्यांनीच दिलं. कुणी कोपऱ्यात एकटं दिसलं की हा आवाज कमी करून माइकवरून हाक मारायचा, "अहो निळा शर्ट, आपण पुढे या. ती भिंत पडत नाही, धरून ठेवू नका." बूट साधे म्हणून बिचकलेली पोरं, इंग्रजी अडतं म्हणून गप्प बसलेल्या मुली, सगळ्यांना तो मधोमध आणायचा. त्याची मराठी कात्रजच्या घरमालकीणबाईंकडून आली होती, त्यामुळे तो रस्त्यावरच्या कुत्र्यालाही "अहो, सरका" म्हणायचा.

पण त्याला वेळ मिळायची ती संध्याकाळी सातची, टेबलं पुसली जात असताना. गर्दीची मुख्य वेळ जर्मनीहून योग शिकायला आलेल्या एका गोऱ्या मुलाला दिलेली होती. "मी डीजे नाही, सुतार आहे," असं तो बिचारा प्रत्येकाला सांगायचा. मॅनेजर म्हणायचा, "किती नम्र आहे बघा."

सरपंचाने कारण विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "क्राउडला इंटरनॅशनल चेहरा लागतो रे."

"मी टांझानियाहून आलोय," सरपंच म्हणाला. "भोरहून नाही."

शेवटी सुतार ऋषिकेशला गेला आणि सरपंचाला मुख्य वेळ मिळाली. पण सरपंचही पुढच्या आठवड्यात कायमचा टांझानियाला परत जाणार होता, म्हणजे हा एकच शनिवार. मॅनेजरची अट होती, पोस्टर नेहमीसारखंच उजळ हवं. सरपंच म्हणाला, "माझा चेहरा लागला तर मी वाजवीन. दुसऱ्याचा लावायचा असेल तर त्यालाच बोलवा."

मी रात्रभर बसून वर्णभेदावर एक पत्रक लिहिलं. त्याने ते मन लावून वाचलं. "छान आहे. पण पोस्टर छापणाऱ्या नानांना एवढं वाचायला चष्मा शोधावा लागेल. आपण तोंडीच सांगू."

नानांचं फ्लेक्सचं दुकान सदाशिव पेठेत. आमचं म्हणणं ऐकून त्यांनी मानही वर केली नाही. "आमच्याकडे सगळ्यांना गोरं करतात. नगरसेवकांनाही."

"मी नगरसेवक नाही."

"म्हणून तर तुम्हाला कमी केलं."

सरपंच दुकानाच्या पाटीकडे बघत राहिला. पाटीवर एका गुलाबी गृहस्थांचा हसरा फोटो होता. "हे आपले पार्टनर का?"

"मी आहे तो."

"अस्सं. मग गल्ल्यावर बसलेत ते कोण?"

नाना सावळे, चांगले तुकतुकीत सावळे. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "शनिवारी दुपारी लावून देतो," ते म्हणाले. "आता निघा, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

फ्लेक्स झाला तो हळदीसारखा पिवळाधमक, आणि त्यावर सरपंच, जसा होता तसा. हाताच्या सवयीने नानांनी खाली "शुभेच्छुक" म्हणून आमचे चेहरेही टाकले होते, तेही मूळ रंगात. समतेच्या मोर्च्यांत हयात घालवलेल्या माझ्या आईने त्यावरचा माझा फोटो पाहून मला विचारलं, "आजारी होतीस का गं?" यावर आमच्या घरी अजून चर्चा चालू आहे.

मॅनेजर धावत आला. "हे काय वाढदिवसाचं लावलंय? आधी उतरवा."

नानांनी शिडी खांद्यावर घेतली. "शिडी माझी आहे. सोमवारी आणतो." आणि गेले.

संध्याकाळी सरपंच गेटवर आला. खिशाकडे हात जाण्याआधीच बाउन्सरने वर पाहिलं, समोर पाहिलं आणि बाजूला झाला. "चला, तुमचाच कार्यक्रम हाय." सरपंच आत गेला. लगेच बाहेर आला. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर.

"काय इसरलं का?"

"काही नाही. जाता येतं का, ते बघतोय."

आणखी एक फेरी झाल्यावर बाउन्सर वैतागला. "सरपंच, आता आत ऱ्हावा, न्हाईतर तिकीट लावीन."

त्या दिवशी कोपऱ्यात कुणीच उरलं नाही. मॅनेजरही नाचला. इंटरनॅशनल चेहऱ्याचं काय झालं, ते त्याने सांगितलं नाही.

सरपंच जाताना फ्लेक्स घडी घालून घेऊन गेला. आईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पावसाळ्यात घालणार, म्हणाला. आता तो तिथेच औषधांचं दुकान चालवतो आणि शनिवारी वाजवतो.

परवा एका मोर्च्याचा फलक करायला नानांकडे गेले होते. माझ्यापुढे एक नवरदेव लग्नाच्या स्वागताचा फ्लेक्स सांगत होता. नानांनी विचारलं, "चेहऱ्याला रंग कोणता ठेवायचा? तुमचा की आमचा?" हल्ली ते प्रत्येकाला विचारतात.

नवरदेव गडबडला. "नवरीकडच्यांना विचारून सांगतो."

"त्यांनी तुम्हाला पाहिलंय ना?" नाना म्हणाले. "मग आता लपवून काय उपयोग?"